पाण्याचे फ्लोरायडीकरण

दातांची कीड कमी व्हावी म्हणून नळाच्या पाण्यातील फ्लोराइडचे प्रमाण मुद्दाम ठरावीक पातळीवर आणणे, याला पाण्याचे फ्लोरायडीकरण म्हणतात. त्यासाठी सोडियम फ्लोराइड, सोडियम फ्लुओसिलिकेट किंवा हेक्झाफ्लुओसिलिसिक आम्ल वापरतात. शेवटची दोन रसायने मुख्यतः फॉस्फेट खतांच्या कारखान्यांतून मिळतात आणि विरोधकांच्या हाती त्यामुळे आयतेच कोलीत आले आहे. खरे तर रसायन कुठून आले यापेक्षा ते किती शुद्ध आहे आणि पाण्यात किती उतरते, हे पाहायला हवे. अमेरिकेत २०१५ पासून दर लिटरला ०.७ मिलिग्रॅम या पातळीची शिफारस आहे. त्याआधी ती हवामानानुसार ०.७ ते १.२ मिलिग्रॅम असे. उष्ण भागात लोक पाणी जास्त पितात, म्हणून तिथे कमी.

हा उपाय सापडला तो दातांवरच्या डागांचा माग काढताना. १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे दवाखाना थाटणाऱ्या फ्रेडरिक मकाय या दंतवैद्याला स्थानिक लोकांचे दात तपकिरी डागांनी माखलेले दिसले. पुढे हेही लक्षात आले की हे कुरूप दात किडत मात्र कमी होते. कारण कळायला १९३१ उजाडले. आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट या गावी असाच प्रकार होता. गाव अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे, त्यामुळे दोष आपल्या धातूवर येईल ही धास्ती होती. कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाणी तपासले, तेव्हा त्यात फ्लोराइड भरपूर निघाले. नंतर अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतील ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या मुलांचे दात तपासून निष्कर्ष काढला की दर लिटरला सुमारे १ मिलिग्रॅमपर्यंत ठळक डाग पडत नाहीत आणि कीडही आटोक्यात राहते.

२५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स हे पाण्यात फ्लोराइड मिसळणारे जगातील पहिले शहर ठरले. प्रयोग १५ वर्षांचा होता आणि तुलनेसाठी शेजारचे मस्कीगन निवडले होते. ग्रँड रॅपिड्समध्ये प्रयोग सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांत कीड ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे जाहीर झाले. पण मस्कीगनने १९५१ मध्येच स्वतःच्या पाण्यात फ्लोराइड घातले, म्हणजे तुलनेचा आधार अर्ध्या वाटेवरच निखळला. निकाल यामुळे खोटा ठरत नाही. त्याचा नेमका आकडा मात्र जपूनच वापरायला हवा.

१९५० च्या दशकात अमेरिकेतील काही उजव्या गटांनी फ्लोरायडीकरण हा कम्युनिस्टांचा कट असल्याची आवई उठवली. तिने सर्वाधिक नुकसान केले ते समंजस विरोधकांचे, कारण पुढे कित्येक वर्षे प्रत्येक आक्षेपाला वेडगळ ठरवणे समर्थकांना सोपे गेले. मूळ आक्षेप तसा नव्हता. क्लोरीन पाणी निर्धोक करण्यासाठी घालतात. फ्लोराइड घालतात ते पिणाऱ्याच्या दातांसाठी. मग हे औषध धरले तर त्याला संमती कोणाची? शिवाय पाण्यातील प्रमाण ठरवता येते, पोटात जाणारी मात्रा ठरवता येत नाही. उन्हात राबणारा मजूर, भुकटीच्या दुधावर वाढणारे तान्हे मूल आणि ऑफिसात बसणारा कारकून यांना एकाच नळातून वेगवेगळी मात्रा मिळते.

न्यायालयांनी या प्रश्नाची उत्तरे एकसारखी दिली नाहीत. आयर्लंडमध्ये १९६० च्या कायद्याला ग्लॅडिस रायन या गृहिणीने आव्हान दिले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या, पण राज्यघटनेत शब्दशः न लिहिलेला ‘शरीराच्या अखंडतेचा हक्क’ त्याच खटल्यातून मान्य झाला. दाव्यापेक्षा हा निकालच पुढे अधिक गाजला. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये प्रचलित कायद्यात असा अधिकारच नाही असे ठरवले आणि काही वर्षांत तिथे फ्लोरायडीकरण थांबले. स्वित्झर्लंडने मिठात फ्लोराइड घालण्याचा मार्ग घेतला. हे मीठ घ्यायचे की साधे, हे गिऱ्हाईक ठरवते, त्यामुळे संमतीचा प्रश्न बराचसा सुटतो. बाझेल शहराने १९६२ पासून चाललेले फ्लोरायडीकरण २००३ मध्ये बंद केले.

आजचा वाद मुख्यतः टूथपेस्टमुळे बदलला आहे. फ्लोराइड पोटातून नव्हे, तर बहुतांशी दाताच्या पृष्ठभागावर थेट काम करते, असे आता मानले जाते. आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट घरोघरी पोचली आहे. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात १९७५ नंतरच्या अभ्यासांतून दुधाच्या दातांत दिसलेला फायदा दर मुलामागे सरासरी सुमारे पाव किडका दात कमी, एवढाच होता. उलट बाजूला कॅनडातील कॅलगरी आहे. तिथे २०११ मध्ये फ्लोराइड बंद झाले, शेजारच्या एडमंटनमध्ये चालू राहिले. काही वर्षांनी दुसरीच्या मुलांत दुधाचे दात किडलेल्यांचे प्रमाण कॅलगरीत सुमारे ६५ टक्के, तर एडमंटनमध्ये ५५ टक्के आढळले. २०२१ च्या जनमतात कॅलगरीकरांनी फ्लोराइडच्या बाजूने कौल दिला आणि २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. ज्यांना दंतवैद्य परवडत नाही त्यांना फायदा अधिक, हा समर्थकांचा युक्तिवाद म्हणूनच सहज झटकता येत नाही.

मुलांच्या बुद्ध्यांकाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये दर लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचा कमी बुद्ध्यांकाशी संबंध असल्याचे ‘मध्यम खात्रीने’ नमूद केले, ०.७ च्या पातळीबद्दल पुरेसा पुरावा नसल्याचेही सांगितले. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने पर्यावरण संरक्षण संस्थेला या जोखमीवर कारवाई करण्याचा आदेश दिला. २०२५ मध्ये युटा आणि पाठोपाठ फ्लोरिडा यांनी फ्लोरायडीकरणावर बंदी घातली.

भारतात प्रश्न नेमका उलटा आहे. इथे अनेक भागांत खडकांतूनच भूजलात नको तितके फ्लोराइड उतरते. भारतीय मानकानुसार १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी-बोअरवेलचे पाणी ही मर्यादा ओलांडते. अशा पाण्याने आधी दात डागाळतात. वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे-सांधे ताठरतात. हे फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) नलगोंडा तंत्र विकसित केले: पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. तंत्र स्वस्त आहे, पण तुरटीची मात्रा पाण्यागणिक ठरवावी लागते आणि फ्लोराइडयुक्त गाळाची विल्हेवाट लावावी लागते. त्यामुळे जिथे नदी किंवा धरणाचे पाणी नळाने आणता येते, तिथे स्रोत बदलणेच श्रेयस्कर ठरते.