श्वासनलिकेतील बाह्यवस्तू (बालकांमधील)

खाताना किंवा खेळताना तोंडातली वस्तू श्वासनलिकेत जाऊन अडकणे व त्यामुळे फुफ्फुसाला इजा होणे. १ ते ३ वर्षांच्या मुलांत हे सर्वाधिक आढळते. या वयात पुढच्या दातांनी घास तुटतो, पण दाढा पुरत्या आलेल्या नसतात, आणि मूल पळता-हसता खात असते. भारतात अडकलेली वस्तू बहुधा शेंगदाणा असते. पुण्यात चिवड्याच्या बशीतून किंवा सारसबागेजवळच्या भेळेतून तो मुलाच्या तोंडात सहज जातो. सासवड-पुरंदरच्या सीताफळांच्या हंगामात गुळगुळीत बियांचाही धोका असतो. पेनाची टोपणे व खेळण्यांतल्या शिट्ट्याही अडकतात.

श्वासनलिकेच्या दोन फाट्यांपैकी उजवा रुंद व अधिक सरळ असल्याने वस्तू बरेचदा तिकडे उतरते. शेंगदाणा ओलाव्याने फुगतो, त्याच्या तेलाने आतले अस्तर सुजते. वाट अर्धवट बुजली, तर हवा आत जाते पण बाहेर पडत नाही आणि फुफ्फुस फुगते. पूर्ण बुजली, तर फुफ्फुसाचा तेवढा भाग हवेविना मिटतो. साचलेल्या कफात जंतू वाढून न्यूमोनिया किंवा गळू होतो. महिनोन्‌महिने दुर्लक्ष झाल्यास श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, क्वचित फुफ्फुसाचा तेवढा भाग काढावा लागतो.

फसगत होते ती ठसका थांबल्यावर. मूल पुन्हा खेळू लागते, घरचे निर्धास्त होतात. मग खोकला हटत नाही, छातीत एकाच बाजूला घरघर ऐकू येते आणि दम्याची औषधे सुरू होतात. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला तरी शंका फिटत नाही. ‘खाताना जोराचा ठसका लागला होता का?’ हे विचारलेच पाहिजे, आणि घरच्यांनी आपणहून सांगितले पाहिजे.

पूर्ण भूल देऊन दुर्बिणीने वस्तू काढतात. १८९७ मध्ये जर्मन डॉक्टर गुस्ताव किलियन यांनी श्वासनलिकेत अडकलेले हाड प्रथमच दुर्बिणीने काढले. वस्तू वेळेवर निघाली, तर फुफ्फुस बहुधा पूर्ववत होते.

मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, तर १०८ ला फोन करायला सांगून लगेच उपचार सुरू करावेत : वर्षाच्या आतील बाळाला डोके खाली ठेवून पाठीवर ५ थापट्या व छातीवर ५ दाब, मोठ्या मुलाला पाठीवर थापट्या व बेंबीच्या वर पोटावर आत-वर झटके. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती आणखी खाली सरकते. ४ वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. बारीक कूट करून अन्नात मिसळून द्यावेत.