अल्झायमर रोगातील प्रथिनांच्या आंतरक्रियांचा अभ्यास

अल्झायमर रोगात मेंदूतील कोणते प्रथिन कशाला चिकटते, किती घट्ट चिकटते आणि त्यामुळे चेतापेशींचे काय बिघडते, याचा शोध घेणारे संशोधनक्षेत्र. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत स्त्री-रुग्णाच्या मेंदूत दोन खुणा दाखवल्या : पेशींबाहेर साचलेले साके आणि पेशींच्या आतले तंतूंचे गुंते. साके अमायलॉइड बीटा या छोट्या प्रथिन-तुकड्याचे असतात, तर गुंते टाऊ या प्रथिनाचे. टाऊ एरवी चेतापेशीतील सूक्ष्मनलिकांना आधार देते; त्यावर फॉस्फेट गट जास्त चढले की ते नलिका सोडते आणि आपसांत गुंतत जाते.

या क्षेत्राचे सामर्थ्य आणि त्यातले धोके समजून घ्यायचे तर एपोई या प्रथिनाची हकीकत पाहावी. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉरन स्ट्रिटमॅटर, ॲलन रोझेस आणि सहकाऱ्यांनी अमायलॉइड बीटा एका पटलावर बसवले, त्यावर मस्तिष्क-मेरुद्रव सोडला आणि काय चिकटते ते पाहिले. चिकटले ते एपोई, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे प्रथिन. त्याचे जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे, आणि उतारवयात होणाऱ्या अल्झायमरचा माग त्याच गुणसूत्राकडे जातो हे या गटाला आधीच दिसले होते. १९९३ मध्ये एपोई-४ हा प्रकार या रोगाचा मोठा आनुवंशिक धोका म्हणून पुढे आला. एपोई-३ आणि एपोई-४ यांत २९९ पैकी एकाच ॲमिनो आम्लाचा फरक आहे : ११२व्या जागी सिस्टीनऐवजी आर्जिनीन.

पण एपोई-४ अमायलॉइडला जास्त चिकटते का? शुद्ध केलेले, मेद काढलेले प्रथिन वापरले तेव्हा उत्तर ‘हो’ आले. पुढच्याच वर्षी मेदासह असलेले, पेशींनी बनवलेले प्रथिन घेतले, तर एपोई-३ कितीतरी जास्त चिकटले. म्हणून या विषयातला कोणताही निष्कर्ष वाचताना प्रथिन कोणत्या अवस्थेत ठेवले होते, हे आधी विचारायला हवे.

प्रयोगशाळेतले रोजचे कामही तितकेच नाजूक असते. अमायलॉइड बीटाची पूड नुसती पाण्यात विरघळवून चालत नाही. तिच्यात आधीच गुठळ्या असतील तर त्या बीजासारख्या काम करतात आणि साऱ्या द्रावणाला गुठळ्या होण्याकडे ओढून नेतात. त्यामुळे पूड आधी एचएफआयपी या द्रावकात मोकळी करतात, द्रावक उडवून तळाशी पातळ पापुद्रा उरवतात आणि मगच प्रयोग सुरू करतात. थायोफ्लेविन-टी हा रंग अमायलॉइडच्या तंतूंना चिकटला की चमकतो. आधी बराच वेळ काहीच दिसत नाही, मग चमक झपाट्याने चढते. मेंदूच्या ऊतीतून एकमेकांना चिकटणाऱ्या प्रथिनांच्या जोड्या शोधायच्या तर मण्यांवर बसवलेल्या प्रतिपिंडाने एक प्रथिन धरतात आणि त्याच्यासोबत काय आले ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून त्यांची ओळख पटवण्याच्या तंत्राने) ओळखतात. यात खरी परीक्षा धुण्याची : जास्त खारट द्रावणाने धुतले तर नाजूक जोडी सुटते, कमी धुतले तर नुसतीच चिकट प्रथिने मागे राहतात.

२०१९ मध्ये कोलंबियातील एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. तिच्या घराण्यातील प्रेसेनिलिन-१ जनुकातल्या बिघाडाने स्मृती साधारण चाळिशीत ढासळू लागते. तिची मात्र सत्तरीपर्यंत टिकली. मेंदूत अमायलॉइड भरपूर होते, टाऊ मात्र कमी. तिच्या एपोई-३ च्या दोन्ही प्रतींत ‘क्राइस्टचर्च’ हा दुर्मिळ बदल होता. या बदलामुळे एपोई हेपॅरिन या शर्करा-साखळीला फारच क्षीणपणे चिकटते. आणि हेपॅरिनसारख्याच शर्करा-साखळ्या पेशींच्या पृष्ठभागावर असतात, ज्यांना धरून टाऊ एका पेशीतून दुसरीत शिरते. म्हणूनच तिच्या मेंदूत टाऊ कमी पसरले असावे, असा अंदाज आहे.