तरंगत्या घराखाली गुणगुणणारी केबल

संक्रांतीला नागपुरात पतंग उडवला असेल तर ताणलेल्या मांजाचा तो बारीक सूंऽऽ आवाज ऐकलाच असेल. समुद्रात तरंगती घरं केबलने तळाशी बांधून ठेवतात, तिथे रात्री जी घुंघुं लागते अन् पलंग थरथरतो त्याचं मूळ हेच, फक्त हवेच्या जागी पाणी.

गोल केबलला वळसा घालून गेलेलं पाणी मागे नीट जुळत नाही, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवरा जाताजाता केबलला आडवा धक्का देतो. सेकंदाला एका बाजूने धक्के किती, याचा हिशोब स्ट्रोहाल नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच मांडला: प्रवाहाचा वेग भागिले जाडी, गुणिले साधारण ०.२. बस. मांजा अर्धा मिलिमीटर, वारा सेकंदाला ५ मीटर, तर २००० धक्के, म्हणून सूं. केबल २ सेंटिमीटर, पाणी सेकंदाला १ मीटर, तर फक्त १०. कानाला २० च्या खालचं ऐकू येत नाही, पण पायाला बरोबर कळतं, अन् भांडी खडखडायला लागली की कानालाही.

आता धक्क्यांची लय केबलच्या स्वतःच्या लयीशी (छेडली तर ती ज्या लयीत थरथरते तिच्याशी) जुळली की ती डोलायला लागते, मग भोवरेच तिच्या तालावर सुटतात आणि प्रवाह थोडा कमीजास्त झाला तरी पकड सुटत नाही. लोक म्हणतात केबल ताणून घ्या. नाही जमत बाप्पा, लांब केबलला लयी पुष्कळ, एकीतून सुटली की दुसरीत अडकते.

म्हणून भोवऱ्यांची एकीच मोडायची. केबलवर स्क्रूच्या आट्यांसारख्या तीन पट्ट्या गुंडाळतात, उंची जाडीच्या पाव भाग, मग सगळे भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत. (स्टीलच्या उंच चिमण्यांवर वेटोळी पट्टी दिसते ती याचसाठी.) पण मग पाणी केबलला जास्त ओढतं, अन् शेवाळ-शिंपले चढले की पट्ट्या बिनकामाच्या, घासत बसा. पाण्यात माइक सोडून समुद्र ऐकणारे शास्त्रज्ञ केबलला धाग्यांची झालर लावतात, दिसते केसाळ पण काम करते.

मला विचाराल तर आधी केबल घराला जिथे बांधली तो जोड बघा. केबल एकटी फार आवाज करत नाही, घराला तरंगवणारी खालची पोकळ स्टीलची टाकी तिच्यासाठी सतारीचा भोपळा होते. नागपूरकराला हे काय शिकवायचं, कूलर थेट ग्रिलला टेकला की अख्खी खोली घुमते, मधे जुन्या ट्यूबचा तुकडा सरकवला की बराच शांत होतो. तसंच इथे शेवटचा भाग लवचिक नायलॉन दोराचा ठेवतात किंवा मधे रबरचा जोड देतात, आणि तो टाकीच्या पातळ पत्र्याला नव्हे, जड, भक्कम भागाला बसवतात. फक्त रबर जास्त ताणलं की कडक होतं, म्हणजे ज्या दिवशी प्रवाह जोरात त्याच दिवशी ते थरथर आत सोडतं. तेव्हा पट्ट्या घासायचं काम काही चुकत नाही.