रोड आयलंडची चाती, नागपूरचं सूत

कापूस पिंजून त्याचा सैल दोर केला, की कताईत दोन कामं उरतात. दोर ताणत पीळ द्यायचा आणि तयार सूत गुंडाळायचं. चरख्यावर ही कामं आळीपाळीनेच होतात. हात मागे नेत पीळ भरायचा, थांबायचं, मग चातीवर, म्हणजे फिरत्या सळईवर, सूत घ्यायचं. १७७९ च्या सुमारास इंग्लंडच्या लँकेशायर या भागात सॅम्युअल क्रॉम्प्टनने काढलेलं ‘म्यूल’ यंत्रही हेच करायचं, पुढे पुढे तर शेकडो चात्यांवर एकदम. चात्यांचा अख्खा गाडा पाचेक फूट बाहेर यायचा आणि परत जाताना सूत गुंडाळायचा. तेवढा वेळ कताई बंद.

हा खोळंबा मोडला अमेरिकेत. रोड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स गावच्या जॉन थॉर्पने १८२८ मध्ये रिंग कताईचं पेटंट घेतलं. त्यावर लवकरच सुधारणा होऊन जे यंत्र रूढ झालं, त्याचा जीव नखावर मावेल एवढ्या तारेच्या आकड्यात आहे. याला म्हणतात ट्रॅव्हलर. चातीभोवती पोलादी कडं, म्हणजेच रिंग, असतं, कड्याच्या काठावर हा आकडा अडकवलेला असतो आणि सूत त्यातून चातीवर बसवलेल्या, तिच्याबरोबर फिरणाऱ्या कांडीवर जातं. चाती फिरली की सूत आकड्याला ओढतं आणि तो कड्यावर गरगर फिरतो. त्याची एक फेरी म्हणजे सुताला एक पीळ. पण घर्षणामुळे तो कांडीच्या किंचित मागे पडतो, आणि जेवढा मागे पडतो तेवढं सूत कांडीवर चढतं. थांबायची गरजच उरत नाही. एरवी इंजिनिअर ज्या घर्षणाच्या नावाने बोटं मोडतात, ते इथे बिनपगारी राबतं! वेगाला लगामही तेच घालतं, कारण फार पळवलं तर आकडा तापून झिजतो.

रोड आयलंडला यंत्रावर कातायची मूळ विद्या आली होती ब्रिटनमधून, तीही चोरवाटेने. कारागिरांनी देश सोडायला आणि कापडगिरणीची यंत्रं बाहेर न्यायला तेव्हा ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी होती. डर्बीशायरच्या गिरणीत उमेदवारी केलेला सॅम्युअल स्लेटर १७८९ मध्ये यंत्राची रचना डोक्यात साठवून निघाला आणि पुढच्याच वर्षी प्रॉव्हिडन्सजवळ पॉटकेटला पाण्याच्या जोरावर कताई सुरू झाली. यंत्रांवरची बंदी उठली थेट १८४३ मध्ये.

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली ती जुन्या धर्तीच्या चात्या घेऊनच. पण १८८० च्या दशकात जमशेटजी टाटांनी तिथे रिंग चात्या लावून पाहिल्या. लँकेशायर तेव्हा रिंगबद्दल साशंक होतं आणि तिथल्यांना वेडं म्हणता येणार नाही. म्यूल सुताला कमी ताण देतं, त्यामुळे तलम सूत त्यावर उत्तम निघतं. शिवाय म्यूल चालवणारे मुरलेले कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होते. आपल्याकडे ते नव्हते, आणि गिरण्या कातत होत्या जाडं सूत. रिंगवर तुटलेला धागा सांधायला नवा माणूस चटकन शिकतो. गिरणगावात पुढे ‘रिंग खातं’ हा घरोघरचा शब्द झाला तो असा.

जपानने याहून घाई केली. १८८३ मध्ये म्यूलवर सुरू झालेल्या ओसाकाच्या गिरणीमागोमाग तिथल्या गिरण्या त्या दशकाच्या अखेरीस रिंगकडे वळल्या. कापूस बराचसा आपलाच. १८९३ मध्ये मुंबई-कोबे बोट सुरू झाली, तिच्यामागेही टाटांचा पुढाकार होता. आपल्याच कापसाचं जपानी सूत मग चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला मागे सारू लागलं.

मुंबई आणि ओसाका या दोघांनाही यंत्रं पुरवणारी एक मोठी कंपनी होती लँकेशायरमधल्या ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स. १९२९ मध्ये तिनेच जपानच्या साकिची टोयोडांच्या स्वयंचलित मागाचे हक्क विकत घेतले, सौदा ठरला एक लाख पौंडांना.