उघडलेली ट्यूब परत आणण्याआधी एवढे वाचा

ऊन तापायला लागले की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येते: "हे सनस्क्रीन मला सूट होत नाही, चेहऱ्याची आग आग झाली, बदलून द्या." रोझेशिया (चेहऱ्यावर वारंवार लाली आणि आग होणारा त्वचाविकार) असलेल्या किंवा नाजूक त्वचेच्या ग्राहकांची ही तक्रार असते आणि त्यांचा त्रास खराच असतो. पण थोडी चौकशी केली की बहुतेक वेळा कळते, आदल्या दिवशी ब्लीच झाले होते, सकाळी स्क्रबने चेहरा घासला होता, नाहीतर रात्री रेटिनॉल (सुरकुत्या-डागांवरचे क्रीम) नव्याने सुरू केले होते. अशा दुखावलेल्या त्वचेवर साधे मॉइश्चरायझरसुद्धा चुरचुरते. आळ मात्र सनस्क्रीनवर येतो. मग दुसरी ट्यूब, तिसरी ट्यूब, आणि तोवर चेहरा उन्हात उघडाच.

म्हणून नवीन सनस्क्रीन पहिल्याच दिवशी पूर्ण चेहऱ्याला फासू नका. कानाच्या पुढे, जबड्याच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर चार-पाच दिवस रोज लावून बघा. मनगटावर लावून फारसे काही समजत नाही, तिथली कातडी गालाइतकी हळवी नसते. एका रात्रीत निकालही लावू नका. खरी ॲलर्जी असेल तर खाज किंवा पुरळ उठायला दोन-तीन दिवस लागू शकतात. त्या आठवड्यात फेशियल, वाफ, उटणे, नवा फेसवॉश, सगळे बंद ठेवा, नाहीतर कशाने काय झाले ते तुम्हालाही कळणार नाही आणि आम्हालाही. फक्त डोळे झोंबत असतील तर ती बहुधा ॲलर्जी नसते, कपाळावरचे क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरलेले असते.

निवडताना ट्यूबच्या पुढच्या बाजूचे 'सेन्सिटिव्ह' बाजूला ठेवा आणि मागची घटकांची यादी वाचा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली सनस्क्रीन अशा त्वचेला सहसा जास्त मानवतात. सुगंध, अल्कोहोल आणि लावल्यावर गार वाटायला घातलेले मेंथॉल टाळा. मोठ्या आकड्यामागे धावू नका: एसपीएफ (ट्यूबवरचा संरक्षणाचा आकडा) ३० त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, ५० सुमारे ९८ टक्के. पण हे आकडे पुरेसा थर दिला तरच खरे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन लागते आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. त्वचेत जास्त खोल जाणारी यूव्हीए किरणे गाडीच्या आणि ऑफिसच्या काचेतूनही येतात, तेव्हा ट्यूबवर त्यांच्यापासूनचे संरक्षण सांगणारे पीए+++ किंवा त्याहून वरचे बघून घ्या.

झिंकमुळे चेहरा पांढराफटक दिसतो, ही तक्रार रास्त आहे. त्यावर टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेला प्रकार घ्या. त्यातले आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवते, वांग असलेल्यांना याचा उपयोग होतो. आमच्याकडे गव्हाळ आणि सावळ्या रंगाला जुळतील अशा शेड मुद्दाम ठेवलेल्या आहेत. त्या ट्यूबलाइटखाली बघू नका, दुकानाच्या दाराशी उजेडात बघा.

एक मात्र लक्षात घ्या, सनस्क्रीन किरणे अडवते, उष्णता नाही. रोझेशिया नुसत्या उष्णतेनेही भडकतो, त्यासाठी गॅससमोरचे उभे राहणे, कडक चहा किंवा झणझणीत मिसळही पुरते. एप्रिल-मेच्या दुपारी छत्री हवीच. दुचाकीवर चेहऱ्याभोवती आवळून बांधलेला पॉलिस्टरचा स्कार्फ ऊन अडवतो खरा, पण आत चेहरा उकडून निघतो. त्यापेक्षा सैल, घट्ट विणीचा सुती बरा. आणि ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, त्या तापमानात क्रीम फुटते, मग पाणी वेगळे आणि साका वेगळा.

काही जण 'तीन दिवसांत लाली घालवणारी' क्रीम मागतात. ती बहुतेक स्टेरॉइडची असते. लाली आधी जाते, पण पुढे कातडी पातळ होते, क्रीम थांबवले की चेहरा जास्तच पेटतो, आणि या क्रीमनेच रोझेशियासारखा त्रास झालेले चेहरे आम्ही बघतो. चिठ्ठीशिवाय आम्ही ती देत नाही. कायदाही तेच सांगतो. यावरून काही ग्राहक आमच्यावर रागावले आहेत, त्याला इलाज नाही.

आपल्या वर्णावर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे गालांची वारंवार आग, गरम वाटणे, मुरुमांसारख्या पुळ्या हे मुरुमेच समजून लोक महिनोन्‌महिने काढतात. निदान काउंटरवर होत नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. डोळे लाल होऊन खुपत असतील तर लवकर दाखवा. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिले असेल तर ऊन नेहमीपेक्षा जास्त बाधते, त्या काळात सनस्क्रीन चुकवू नका.

आता परतीचे. उघडलेली ट्यूब आम्ही परत घेत नाही, कारण ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही. न उघडलेली, बिलासह, सात दिवसांत बदलून मिळेल. ज्यांच्या लहान ट्यूब येतात त्या आम्ही ठेवतो, कंपनीकडून नमुने आले असतील तर विनामूल्य देतो, फक्त मागा. शेड बघायला येणार असाल तर चेहऱ्याला पावडर लावून येऊ नका.