राजमठ, रिद्धपूर

राजमठ : अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर (ऋद्धपूर, महानुभाव वाङ्मयात परमेश्वरपूर) येथे असलेले महानुभाव पंथाचे प्रमुख स्थान. पंचकृष्णांपैकी (पंथाने मानलेल्या पाच अवतारांपैकी) श्रीगोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ यांचे येथे दीर्घकाळ वास्तव्य होते.

मूळ स्वरूप : सांप्रदायिक परंपरेनुसार राजमठ हे मुळात नृसिंहाचे देऊळ. शिष्यपरंपरेने चालणारा, नियमबद्ध मठ येथे आधीपासून होता, असे दाखवणारा पुरावा नाही. देवळातच राऊळांचा मुक्काम असे आणि त्यांच्यामागे स्थानाला मठाचे रूप आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. चौदाव्या शतकातील मानली जाणारी ‘स्थानपोथी’ (पंथाच्या पवित्र स्थानांची नोंद करणारा ग्रंथ) याबाबत मोलाची आहे. देवळाचे दार कोणत्या दिशेला, पटिशाळा (ओसरी) कुठे, कोणत्या सोंडीवर (दाराजवळच्या कट्ट्यावर) आसन झाले, इतक्या बारकाईने ती नोंद करते. यादवकालीन विदर्भातील गावरचनेची एवढी तपशीलवार माहिती अन्यत्र क्वचितच मिळते. आजचे बांधकाम मात्र बऱ्याच नंतरचे आहे. त्यावरून तेराव्या शतकातील वास्तूचा अंदाज बांधू नये.

कालनिर्णय : गोविंदप्रभूंच्या निर्याणाचे वर्ष वादग्रस्त असून इ. स. १२८५ ते १२८८ या दरम्यानची वेगवेगळी वर्षे अभ्यासकांनी सुचविली आहेत. मतभेदाचे एक कारण कालगणनेतच आहे. जुन्या नोंदींत शक गत (संपलेले वर्ष) की वर्तमान (चालू वर्ष) हे बहुधा सांगितलेले नसते, त्यामुळे एकाच उल्लेखातून वर्षाचा फरक पडतो. शिवाय इसवी सनाचे वर्ष शकवर्षाच्या अधेमधेच बदलते. संवत्सराचे नाव आणि शकाचा आकडा जुळत नसल्यास नावावर भर देणे सयुक्तिक. नकलताना आकडा चुकण्याचा संभव अधिक. रामदेवराव यादवाच्या कारकिर्दीत (१२७१–१३११) ही घटना घडली, याविषयी वाद नाही.

परंपरा : रामटेकच्या यात्रेला निघालेला भडोचचा हरिपाळदेव वाटेत रिद्धपुरी थांबला. राऊळ त्या वेळी शेंगुळे खात होते. त्यांनी त्यातले उष्टे शेंगुळे प्रसाद म्हणून त्याच्याकडे टाकले. तोच पुढे चक्रधर, म्हणजे महानुभाव पंथाचा संस्थापक, झाला, अशी कथा आहे. चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर (उत्तरेकडे निघून गेल्यानंतर) त्यांचे शिष्य नागदेवाचार्य (भटोबास) व इतर शिष्य येथे येऊन राऊळांच्या सेवेत राहिले. राऊळ वेड्यासारखे वागत, मुलांत खेळत, रागावले की ‘मेला जाए’ म्हणत. त्या काळच्या वऱ्हाडी बोलण्याचा तो ठसका चरित्रकाराने पुसून टाकला नाही, हे त्याचे मोठे उपकार.

वाङ्मयीन महत्त्व : राजमठाचा खरा वारसा दगडापेक्षा पोथीत आहे. चक्रधरांचे शिष्य म्हाइंभट यांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून रिद्धपुरातच, वाजेश्वरी या स्थानी, ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, असे परंपरा सांगते. मूळ प्रत पुढे खलजी फौजेच्या धामधुमीत नष्ट झाली व पाठ आठवणीतून पुन्हा जुळविले गेले, असेही मानतात. आजच्या पाठभेदांचा उगम काही अंशी येथे असावा. राऊळांच्या लीळा म्हाइंभटांनीच ‘गोविंदप्रभुचरित्रा’त संकलित केल्या. राऊळांनी लग्नाची हौस धरली त्या प्रसंगी पंथातील शिष्या महदाइसेने ‘धवळे’ (लग्नगीते) गायिले; ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. सातीग्रंथांतील (महानुभावांच्या सात काव्यग्रंथांतील) नारोबास बहाळिये यांचे ‘ऋद्धिपुरवर्णन’ या गावावरच आहे. त्याचा काळ चौदाव्या शतकाचा उत्तरार्ध की पंधराव्याचा आरंभ, हे निश्चित नाही.

राऊळांनंतर भटोबास निंबा या गावी गेले. मध्यंतरीच्या शतकांतील मठाचा इतिहास त्रोटक आहे.

सद्यस्थिती : गावात अवतारसंबंधाची अनेक स्थाने ओट्यांनी दर्शविली आहेत. त्यांवर विडा व नारळ ठेवून साष्टांग दंडवत घालण्याची प्रथा आहे. मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूर येथेच स्थापन झाले असून २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली होती.