सेट सीआरएस की टू सीआरएस? आमचं लातूर समुद्रात गेलं त्याची गोष्ट

सीआरएस म्हणजे नकाशातले आकडे कुठल्या पद्धतीत मोजलेत, डिग्रीत की मीटरमध्ये, ते; आणि सेट सीआरएस, टू सीआरएस ह्या त्याच्या दोन कमांड. परवा लातूर जिल्ह्याच्या तालुक्यांवर पर्जन्यमापक केंद्रांचे ठिपके टाकायला बसलो जिओपांडाजमध्ये (पायथनमधली नकाशाच्या डेटाची लायब्ररी), तर एरर बिरर काहीच नाही आन् नकाशा म्हणजे नुसता पांढरा कागद, लई निरखून बघितलं तवा खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढा ठिपका आणि पार वरच्या कोपऱ्यात तेवढाच जिल्हा. रंग बदलले, रेघ जाड केली, चित्र काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबला शिव्या घालून झाल्या.

ठिपके डिग्रीत होते, म्हणजे लातूर ७६.५, १८.४ च्या आसपास. तालुक्यांची फाइल यूटीएम ४३ उत्तरमधली (पृथ्वीचे पट्टे पाडून मोजायची पद्धत, त्यातला आपला पट्टा), म्हणजे मीटरमध्ये, तिथं तेच लातूर साडेसहा लाख आणि वीस लाखाच्या पुढं. प्लॉट करताना दोन लेयरचं सीआरएस जुळतंय का ते जिओपांडाज बघत नाही, आकडे आले तसे मांडून मोकळं.

मग मी शहाणपणा केला, ठिपक्यांना सेट सीआरएसनं ३२६४३ (यूटीएम ४३ उत्तरचा कोड) दिलं. ते म्हणालं आधीच दुसरं आहे, तर अलाऊ ओव्हरराइड ट्रू, म्हणजे जुनं पुसून हेच लाव, असं करून गप्प बसवलं. नकाशा तसाच पांढरा! नंतर तेच ठिपके ४३२६ (डिग्रीवाल्या पद्धतीचा कोड) मध्ये नेऊन बघितले तर लातूर मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर, भर समुद्रात, कारण ७६ डिग्रीचे त्यानं ७६ मीटर धरले.

आपल्याकडच्या भाषेत सांगतो. सेट सीआरएस म्हणजे तुरीच्या कट्ट्यावर मार्करनं 'डाळ' लिहिणं, आत तूर हाय ती तूरच राहती. टू सीआरएस म्हणजे तूर मिलात नेऊन डाळ करून आणणं, आकडे खरंच बदलतात. लेबल कवा लावायचं? फाइलला सीआरएसच नसलं तवाच, पेनड्राइव्हवरून शेपफाइल (नकाशाचा डेटा) आणताना तिच्या जोडीची, सीआरएस लिहिलेली पीआरजे फाइल मागं राहिली की हमखास असं होतं, आणि बिगर लेबलाचा माल टू सीआरएस घेतच नाही.

क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच जोडी सेट लेयर सीआरएस आणि रीप्रोजेक्ट लेयर, फक्त ते लेयर आपोआप जुळवून दाखवतं म्हणून गडबड उशिरा कळती.

आधी टोटल बाउंड्स (डेटाच्या चारी टोकांचे आकडे) छापून बघा, मराठवाडा असल तर ७४ ते ७९ आणि १७ ते २१ म्हणजे डिग्री, लाखात आकडे आले की मीटर. मी शेवटी मूळ ठिपक्यांवर टू सीआरएस चालवलं, तरी नकाशा पांढराच, कारण ते नवीन डेटा परत देतं आणि मी तो व्हेरिएबलमध्ये घेतलाच नव्हता.